परदेशी सेवेसाठी वर्गणी मागणाऱ्या तरुणांस अनावृत पत्र

तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो,



परीक्षांचा हंगाम सरून सुटीचे वेध लागले, की तुमच्यापैकी काही जण आम्हां नोकरदार, दुकानदार आणि निवृत्तिवेतनधारक गृहस्थांच्या दारी येतात. नेपाळातील एखादे बालगृह, केनियातील एखादी शाळा किंवा कंबोडियातील एखादे खेडे यांचे छायाचित्र दाखवितात. तेथे जाऊन काही आठवडे सेवा करण्याचा मनोदय सांगतात. आणि विमानभाडे, निवासखर्च व आयोजकांचे शुल्क यांची बेरीज पुढे ठेवून तीत यथाशक्ती भर घालण्याची विनंती करतात. आम्हीही, शेजारधर्माला जागून म्हणा किंवा तुमच्या डोळ्यांतील उमेद पाहून म्हणा, काही रक्कम देतो, शुभेच्छा देतो, आणि पुढे त्या रकमेचे व त्या सेवेचे काय झाले याची विचारपूस करण्याचे बहुधा विसरून जातो. ही विचारपूस आधीच व्हावी, आणि ती एकेकाच्या उंबरठ्यावर संकोचाने न होता सर्वांदेखत मोकळेपणाने व्हावी, एवढ्याचसाठी हे पत्र तुम्हां सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. सार्वजनिक कार्यासाठी हात पसरण्यात लाज वाटावी असे काहीही नाही. आपल्या प्रांतातील कितीतरी संस्था दारोदार फिरून मिळविलेल्या पैशावर उभ्या राहिल्या. अंताजी दामोदर काळे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी पैसाफंडाची कल्पना काढली तेव्हा त्यांनी दर माणशी मागितला तो वर्षाकाठी अवघा एक पैसा. आणि अशा पैशापैशांतून साठलेल्या निधीवर तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे तर सत्तरी ओलांडल्यावर स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका अशी मुशाफिरी करून आले. तेव्हा मागणाऱ्याची प्रतिष्ठा मागण्याने जात नाही. ज्यासाठी मागितले त्याचा जाब देता आला नाही म्हणजे मात्र ती जाते. स्वतःच्या पदरच्या पैशाने केलेला प्रवास ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, आणि तो हौसेसाठी केला, अनुभवासाठी केला की नुसत्या कुतूहलापोटी केला, हे विचारण्याचा अधिकार इतरांना नाही. परंतु त्याच प्रवासात दुसऱ्याच्या घामाचा एक रुपया मिसळला, की तो प्रवास सार्वजनिक होतो आणि त्याच्या हेतूविषयी, उपयुक्ततेविषयी व जमाखर्चाविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क तो रुपया देणाऱ्याला आपोआप प्राप्त होतो.

अशा प्रवासाची सिद्धता कशी असावी याचा नमुना शोधण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. सोलापूरपर्यंत गेले तरी पुरे. १९३७ च्या जुलै महिन्यात जपानने चीनवर सर्व शक्तीनिशी आक्रमण केले, आणि त्या युद्धात जखमी होणाऱ्यांच्या शुश्रूषेला डॉक्टर व औषधे अपुरी पडू लागली, तेव्हा तेथील सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. त्या वेळी हिंदुस्थान स्वतःच परतंत्र होता, राज्याची तिजोरी परकीयांच्या हाती होती, आणि आपल्याच खेड्यापाड्यांत दवाखान्यांची वाण होती. तरीही राष्ट्रसभेचे (काँग्रेसचे) तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, १९३८ च्या जुलै महिन्यात चीन-दिन पाळण्यात आला, वर्गणी गोळा करण्यात आली आणि सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला. त्या निधीतून एक रुग्णवाहिका सिद्ध झाली, आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा करून आलेले होते; नागपूरचे डॉ. चोळकर वयाने व अनुभवाने वडीलधारे होते, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे बंगालचे होते. आणि पाचवे, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, हे मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले, अठ्ठाविशीतही न पोहोचलेले तरुण होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या आगबोटीने हे पथक मुंबईच्या बंदरातून निघाले.

या हकिगतीतील घटनांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम बोलावणे आले, आणि ते ज्यांना गरज होती त्यांच्याच तोंडून आले. मग त्या गरजेच्या मापाने निधी उभारला गेला. त्यानंतर ते काम ज्यांना करता येते अशी माणसे निवडली गेली, आणि सर्वांच्या शेवटी प्रस्थानाचा दिवस ठरला. तुमच्या आवाहनपत्रांत मला पुष्कळदा हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो: सुटी कधी आहे त्यावरून तारीख ठरते, नकाशावर मन कोठे रमते त्यावरून देश ठरतो, त्या देशाच्या विमानभाड्यावरून निधीचा आकडा ठरतो, आणि तेथे जाऊन करायचे काय, हा प्रश्न तेथे पोहोचल्यावर कोणी तरी सोडवील अशा भरवशावर सोडून दिलेला असतो. या पत्रात मला जे काही सांगायचे आहे त्याचे सार एवढेच, की हा उलटा क्रम सुलटा केल्यावाचून कोणी कोणाच्या दारी वर्गणी मागू नये.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की तुम्हांला बोलावले कोणी? आयोजक कंपनीची जाहिरात म्हणजे बोलावणे नव्हे. ती तुम्हांला यात्रा विकीत असते, आणि विकणाऱ्याने ग्राहकाला घातलेली साद ही गरजवंताची हाक मानता येत नाही. हा भेद केवळ तर्काचा नाही, त्याची जबर किंमत लहान मुलांनी मोजलेली आहे. नेपाळात १९९६ पासून दहा वर्षे अंतर्गत संघर्ष चालला. त्या धामधुमीत हुम्लासारख्या दुर्गम डोंगराळ भागांतील आईबापांना मुलांच्या शिक्षणाचे व सुरक्षिततेचे आमिष दाखवून दलालांनी त्यांची मुले काठमांडूस आणली, त्यांतील कित्येकांना कागदोपत्री अनाथ ठरविले, आणि ज्या बालगृहांत त्यांना ठेवले त्यांचा चरितार्थ परदेशी पाहुण्यांच्या दयाबुद्धीवर चालू लागला. त्या देशातील बालगृहे बहुतांशी काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या राबत्यातील भागांत एकवटलेली असावीत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी वाढली. त्या काळात काही कोणत्या महामारीने तेथील आईबाप नाहीसे झाले नव्हते, उलट युनिसेफच्या पाहणीप्रमाणे त्या संस्थांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांची आई किंवा वडील हयात होते. वाढली होती ती अनाथ मुले पाहावयास येणाऱ्या सहृदय प्रवाशांची संख्या. आणि मागणी तसा पुरवठा या बाजारी न्यायाने अनाथही निर्माण केले गेले. दोन आठवडे ज्या मुलाला तुम्ही मांडीवर घेता, ते तुम्ही निघून गेल्यावर पुढच्या पाहुण्याच्या मांडीवर जाते, आणि दर पंधरवड्याला एका मायेच्या माणसाचा वियोग सोसण्याचा अभ्यास त्याला कोवळ्या वयात करावा लागतो. तुमच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु शुद्ध हेतूने दिलेला पैसाही या व्यापारात खपतो, हे जाणून घेण्याची जबाबदारी हेतूच्या शुद्धतेने टळत नाही.

दुसरा प्रश्न कौशल्याचा आणि मुदतीचा आहे. जे काम तेथील गवंडी, तेथील शिक्षिका किंवा तेथील परिचारिका तुमच्याहून चांगले करू शकते, ते करण्यासाठी हजारो मैलांचे भाडे भरून जाण्यात सेवा कोणती? ज्याने आपल्या घरची एक वीट कधी लावली नाही, त्याने परमुलखात जाऊन शाळेची भिंत बांधावी आणि त्याच्या एकट्याच्या विमानभाड्यात तेथील गवंड्याची कित्येक महिन्यांची मजुरी भागली असती, हा हिशेब वर्गणी देणाऱ्याने मांडला तर त्याला कृपण म्हणता येणार नाही. डॉ. कोटणिसांनी शस्त्रवैद्याची विद्या हातात घेऊन प्रयाण केले होते, आणि तेवढ्यावर संतुष्ट न राहता ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत व्याख्याने देऊ लागले, आणि ज्या पहाडी मुलखात युद्धाच्या धुमश्चक्रीत धड इमारतही मिळत नसे तेथे तरुण चिनी मुलांना वैद्यकाचे शिक्षण देऊ लागले. १९४१ च्या आरंभी डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. एका माणसाने जितके रुग्ण बरे केले असते त्याहून किती तरी अधिक रुग्ण त्याने शिकविलेल्या माणसांनी बरे केले, हे त्या सेवेचे खरे फल होय.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचे असेल तर १९३४ च्या बिहारकडे पाहा. त्या वर्षीच्या १५ जानेवारीच्या भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पियर सेरेसोल आपल्या देशात आले. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनच्या परिसरात १९२० साली, जर्मनांसह निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना बरोबर घेऊन घरे पुन्हा उभारण्याचे काम त्यांनी केलेले होते. ते स्वतः इंजिनियर होते. आणि तरीही बिहारात आल्यावर त्यांनी आपला बेत आपल्यापुरता आखला नाही, तर राजेंद्र प्रसादांशी व तेथील साहाय्य-कार्यकर्त्यांशी विचारविनिमय करून, भूकंप व पूर यांनी गांजलेली खेडी सुरक्षित जागी पुन्हा वसविण्याचे काम ग्रामस्थांच्या खांद्याला खांदा लावून हाती घेतले. एका हंगामाने ते भागले नाही तेव्हा ते पुन्हा आले. आपल्याकडे आलेला पाहुणा असा असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाताना निराळे माप लावू नये. अमेरिकेच्या सरकारने १९६१ साली स्थापन केलेल्या शांतिसेनेतील तरुणालाही आधी सुमारे तीन महिने भाषा व काम शिकावे लागते आणि मग दोन वर्षे एकाच ठिकाणी राहावे लागते. त्या उपक्रमाच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, परक्या समाजात उपयोगी पडावयास किती अवधी लागतो याचा त्याने केलेला अदमास मला अवाजवी वाटत नाही.

आता पैशाकडे येतो. तुमच्या आवाहनपत्रात एकच ठोक आकडा असतो. त्याची दोन स्वच्छ खाती करा. एका खात्यात तुमचे भाडे, राहणे, जेवण, विमा आणि आयोजकांचे शुल्क लिहा. दुसऱ्यात जेथे जाणार त्या संस्थेच्या किंवा गावाच्या हाती प्रत्यक्ष काय पडणार ते लिहा. आणि ही दोन्ही खाती वर्गणीदाराला वर्गणी देण्यापूर्वी दाखवा. पहिले खाते मोठे व दुसरे रिकामे असेल, तर तुम्ही मागत आहात ती शिष्यवृत्ती आहे, दान नव्हे. आणि शिष्यवृत्ती मागण्यातही काही गैर नाही, मात्र ती शिष्यवृत्ती म्हणूनच मागावी. बहुतेक घरांत कमावता एक आणि खाणारे चार असतात. अशा घरातून आलेल्या शंभर रुपयांतून आपल्या उपाहारगृहाचे बिल भागते की कोणाच्या औषधाचे, हे त्या घराला कळले पाहिजे.

कायद्याच्या बाजूही बेदरकारपणे सोडून देऊ नका. एखाद्या भारतीय धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीवाचून त्या खर्चाला सामान्यतः करमाफी मिळत नाही; आणि तुमच्या व्यक्तिगत खात्यात जमा झालेल्या वर्गणीवर तर देणाऱ्याला प्राप्तिकराची सवलत मुळीच मागता येत नाही. तेव्हा 'करसवलत मिळेल' अशी वाक्ये पत्रकात घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्या. तेथील संस्थेला द्यावयाची रक्कम रोकड स्वरूपात सामानातून न नेता बँकेमार्फत रीतसर पाठवा, म्हणजे तिचा दाखला दोन्हीकडे राहील. प्रत्येक वर्गणीची पावती फाडा, मग ती दहा रुपयांची का असेना. बेत रद्द झाला तर पैसे परत करणार की अन्यत्र देणार, आणि निधी जास्त जमला तर शिलकेचे काय करणार, हे आरंभीच लेखी जाहीर करा. कारण शिल्लक उरल्यावर सुचलेला सदुपयोग हा नेहमीच थोडासा संशयास्पद असतो.

हिशेबाच्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी तुमच्यापुढे ठेवीन. त्यांचा प्रवास तुमच्या उलट दिशेचा होता: अमेरिकेत असताना त्यांनी आपल्या देशातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे मदत देण्याचे अभिवचन दिले, आणि त्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये शारदासदन उघडले. ती दहा वर्षांची मुदत भरताच रमाबाई १८९८ मध्ये पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्यासमोर आपल्या कार्याचे निवेदन घेऊन उभ्या राहिल्या. समुद्रापलीकडच्या देणगीदारांना त्यांनी जे दिले, ते आपल्याच गल्लीतल्या देणगीदारांना देणे तुम्हांला अवघड जाऊ नये.

सामानसुमानाविषयी फार लिहीत नाही; याद्या करण्यात तुम्ही आमच्याहून तरबेज आहात. परंतु ज्या चुकांचा भार यजमानांवर पडतो त्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पर्यटनाच्या परवान्यावर जाऊन विनावेतन काम करणे हेदेखील अनेक देशांत बेकायदा ठरते. तेव्हा सेवेच्या नावाखाली यजमान संस्थेला त्यांच्या सरकारपुढे गुन्हेगार करू नका, आणि कोणत्या प्रकारचा व्हिसा लागतो हे त्या देशाच्या वकिलातीकडूनच विचारून घ्या. केनिया, युगांडा यांसारख्या देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रावर टोचून घ्या. तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो, आणि त्यावाचून परत आलात तर आपल्याच देशाच्या विमानतळावर तुम्हांला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्यात येऊ शकते. हिवतापाच्या प्रतिबंधाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने न्या. आजारपणाचा व परत आणण्याचा खर्च उचलणारा विमा उतरवा. कारण ज्या खेड्यातील दवाखान्यात चार खाटा आहेत तेथील एक खाट सेवा करावयास आलेल्यानेच अडवून ठेवणे हे शोभणारे नाही. त्या देशाची भाषा निदान नमस्कार, आभार, क्षमा आणि भाव विचारण्याइतकी तरी इथूनच शिकून जा. आणि कोणाच्याही मुलाचे छायाचित्र, आपल्या धाकट्या भावंडाचे परक्याने काढलेले जितके आपल्याला रुचेल त्याहून अधिक सलगीने, काढू नका व प्रसिद्धही करू नका. दैन्याचे चित्र दाखवून जमविलेली वर्गणी ज्याचे दैन्य दाखविले त्याला विचारून जमविलेली नसते.

घरच्यांची संमती हादेखील तयारीचाच भाग आहे. चीनला जाण्यास कोटणिसांनी वडिलांची अनुज्ञा घेतली होती. पुढे ते परदेशी असतानाच वडील निवर्तले, आणि परत फिरण्याची मुभा असूनही त्यांनी अंगीकृत कार्य सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचा तेथेच अंत झाला. अशा आत्मार्पणाची अपेक्षा तुमच्याकडून कोणी करीत नाही, आणि आईबापांनी तर ती कधीच करू नये. त्या पथकातील इतर डॉक्टर आपापली सेवा करून स्वदेशी परतले, त्यांचीही योग्यता त्यामुळे उणी होत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की देशाने वर्गणी करून पाठविलेल्या त्या पाच जणांनी ती वर्गणी आपल्यावरचे ऋण मानली, आणि ते ऋण फेडण्याच्या दृष्टीनेच त्यांची निवड व त्यांचे वर्तन घडले.

आता कोणी म्हणेल, की इतके प्रश्न विचारीत बसले तर तरुणांनी घराबाहेर पडूच नये काय? अवश्य पडावे. जग पाहावे, परक्या माणसांत राहावे, त्यांच्या ताटात जेवावे, आणि आपल्या समजुती तपासून घ्याव्यात. त्या शिक्षणाला मी कमी लेखीत नाही. परंतु वरील प्रश्नांची उत्तरे समाधानकारक येत नसतील, तर दोन सरळ मार्ग मोकळे आहेत. एक तर स्वतः कमावून, विद्यार्थी म्हणून, नम्रपणे प्रवास करा आणि त्याला प्रवासच म्हणा. किंवा सेवेचीच तळमळ असेल तर आधी मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या कार्यकर्त्याला विचारा, की मला जे येते त्याचा तुम्हांला काही उपयोग आहे काय. आणि तो 'नाही, आधी अमुक शिकून या' असे म्हणाला, तर ते शिकण्यास लागा. ज्याला आपल्या जिल्ह्यात उपयोगी पडता येत नाही तो केवळ समुद्र ओलांडल्याने उपयोगी होतो, असा अनुभव नाही.

आणि माझ्यासारख्या वर्गणीदारांनाही या निमित्ताने विनंती आहे, की भिडेखातर पैसे देऊ नका आणि कंटाळून नकारही देऊ नका. दारी आलेल्या मुलाला बसवून घ्या, पाणी द्या, आणि विचारा: बोलावणे कोणाचे, काम कोणते, मुदत किती, पैसा कोणाच्या हाती, आणि हिशेब कधी? ज्याला या पाचांची उत्तरे देता येतील त्याला आपल्या ऐपतीहून थोडे अधिकच द्या. कारण असा तरुण दुर्मीळ आहे आणि त्याला पाठविण्यात आपलीही शोभा आहे.

तुमच्यापैकी जो कोणी ही उत्तरे कागदावर लिहून आणील, बोलावण्याचे पत्र जोडील आणि परतल्यापासून एका महिन्याच्या आत जमाखर्च छापून घरोघर पोहोचविण्याचे वचन देईल, त्याच्या यादीत माझे नाव खुशाल आधीच लिहून ठेवावे. इतरांनी कृपा करून आधी तयारी करावी व मग यावे.



आपला,
एक वर्गणीदार